कुत्र्याला घेऊन वाइनरीत मुक्कामी जाताना

आजचा विषय ऐकायला चैनीचा वाटेल : कुत्र्याला बरोबर घेऊन नाशिकच्या वाइनरीत एका रात्रीच्या मुक्कामाला जाणं. पण सुरुवात नाशिकपासून नको. रायपूरच्या गोल बाजारापासून करू या.

गोल बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती गर्दी सांगायला नको. पाहिला नसेल त्यांनी आपल्या गावातली जुनी पेठ डोळ्यांसमोर आणावी. तिथल्या किराण्याच्या दुकानात दोन जिन्नस हमखास मिळतात : बेदाणा आणि चिंच. चिंच बस्तरची, कारण छत्तीसगडात चिंच म्हटलं की बस्तरच. बेदाणा कदाचित आपल्या सांगली-तासगावकडचा. रायपुरातल्या मराठी घरात बेदाणा शिऱ्यात जातो, चिवड्यात जातो; चिंच आमटीत जाते. आणि टेबलाखाली बसलेला कुत्रा वरून काय पडतंय याची वाट बघत असतो. हे दोन्ही जिन्नस कुत्र्याच्या मूत्रपिंडाचा घात करू शकतात. कारण बहुधा एकच आहे, त्याकडे येऊच.

आता विचार करा. ज्या फळाचा वाळलेला दाणा घरात कुत्र्यापासून लपवून ठेवायचा, त्याच फळाच्या एकरच्या एकर बागेत आपण त्याला हौसेनं फिरायला नेणार आहोत. म्हणून वाइनरीला फोन केल्यावर ‘तुमच्याकडे कुत्रा चालतो का?’ एवढंच विचारून भागत नाही. तो त्यांच्या सोयीचा प्रश्न झाला. कुत्र्याच्या जिवाचे प्रश्न वेगळे आहेत.

समजा, गोल बाजाराच्या मागच्या बाजूला राहणारं एक कुटुंब आहे. नवरा-बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि पाच वर्षांचा लॅब्रेडॉर. नातेवाईक नागपुरात, मुलीला बघायची आहे वाइन कशी बनते ते, आणि कुत्र्याला चार दिवस कोणाकडे ठेवायचं हा नेहमीचा पेच. म्हणून ठरलं, त्यालाही न्यायचं. जायचं कुठे, तर नाशिकला. तेच बरोबर आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला विनयार्ड्स १९९९ साली सुरू झाली, २००५ मध्ये तिथे पाहुण्यांना वाइन चाखायला देणारं दालन उघडलं, आणि तिथून ‘द्राक्षबाग बघायला जाणं’ ही सहल म्हणून रुळली. मध्ये २००१ साली महाराष्ट्र सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आणलं होतं. २०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं. आज त्याच पट्ट्यात सुलाच्या शेजारी यॉर्क आहे, सोमा आहे, इगतपुरीच्या बाजूला व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा आहेत. काही ठिकाणी राहायची सोय आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेली आहे, पण रायपूरकरांना नाशिक सोपं, कारण गाडी थेट आहे.

रायपूर ते नाशिक रोड हे अंतर साधारण साडेनऊशे किलोमीटर. रेल्वेनं न्यायचं तर नियम नीट समजून घ्या. कुत्रा फक्त एसी फर्स्ट क्लासमध्ये, मालकाच्या सोबत जाऊ शकतो. टू टायर, थ्री टायर, स्लीपर, चेअर कार, कशातच नाही. आणि फर्स्ट क्लासमध्येही सहप्रवाशांची हरकत नसेल तरच. एखाद्यानं मध्यरात्री भुसावळला हरकत घेतली तर कुत्र्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत, आणि भरलेले पैसे परत नाहीत. म्हणून दोघं असाल तर दोन बर्थचा कूपे, चौघं असाल तर चार बर्थची केबिन आपल्याच माणसांनी भरलेली असली पाहिजे. आपले हे कुटुंब तिघांचं आहे, म्हणजे खरी अडचण त्यांचीच. चौथा बर्थ कोणा अनोळखी माणसाला गेला की सगळं त्याच्या मर्जीवर. एकतर चौथं तिकीट चौथ्या माणसासाठी काढा, म्हणजे एखाद्या मावशीला बरोबर घ्या, किंवा दोघं कुत्र्यासह कूपेत आणि मुलगी दुसऱ्या डब्यात. कूपे मागण्यासाठी रेल्वेच्या वाणिज्य विभागाला आधी अर्ज द्यावा लागतो, आणि तो मिळाला की नाही हे चार्ट लागल्यावरच कळतं. मग स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कुत्र्याचं सामान म्हणून बुकिंग. लसीकरणाचं कार्ड, पशुवैद्याचं तब्येत ठीक असल्याचं ताजं प्रमाणपत्र आणि तिकिटाची प्रत घेऊन दोन-तीन तास आधी पोचा. बुकिंग न करता कुत्रा सापडला तर दंड सहापट.

गार्डच्या डब्यातल्या पेटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : ती वापरू नका. उन्हाळ्यात विदर्भातून जाणाऱ्या गाडीत तर नाहीच नाही.

रस्त्यानं जायचं तर नागपूरपर्यंत राजनांदगाव, भंडारा, तिथून समृद्धी महामार्ग. तो आता पूर्ण झाला आहे, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. सिन्नरजवळ उतरलं की नाशिक जवळच. रस्ता उत्तम, पण सलग आणि तापलेला. दर दोन तासांनी थांबा, पाणी पाजा, आणि कुत्र्याला बंद गाडीत सोडून चहाला जाऊ नका. बंद मोटारीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान दहा-अकरा अंशांनी चढतं. बाहेर तीस असेल तर आत चाळीस. खिडकी बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. वाइनरीच्या पार्किंगमध्ये ‘फक्त टेस्टिंग करून येतो’ म्हणणारे नेमके इथेच फसतात, कारण टेस्टिंग दहा मिनिटांत कधीच संपत नाही.

आता मूळ मुद्दा. द्राक्ष आणि कुत्रा.

द्राक्ष-बेदाणे खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे पशुवैद्यांना नव्वदच्या दशकापासून दिसत होतं. गंमत म्हणजे कारण सापडत नव्हतं. एखादा कुत्रा घडच्या घड खाऊन मजेत फिरायचा आणि दुसरा मूठभर खाऊन तीन दिवसांत जायचा. बुरशी असेल, कीटकनाशक असेल, असे तर्क झाले. मग २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणिविषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांना एक धागा मिळाला. एका कुत्र्यानं मुलांच्या खेळण्यासाठी घरी मळलेली रंगीत कणीक खाल्ली होती आणि त्याला अगदी द्राक्षासारखीच विषबाधा झाली. कणकेत द्राक्ष नव्हतंच. होतं ते क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे टार्टारिक आम्लाचं मीठ. आणि टार्टारिक आम्ल भरपूर असलेली फळं कोणती? द्राक्ष आणि चिंच. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही हाच प्रकार दिसला होता. माणसाचं मूत्रपिंड हे आम्ल सहज बाहेर टाकतं, कुत्र्याचं तसं करू शकत नसावं, असं आज मानलं जातं.

एवढं कळल्यावर ‘एकाला काही होत नाही, दुसरा मरतो’ या कोड्याचाही उलगडा होतो. द्राक्षातलं हे आम्ल जातीप्रमाणे, हवेप्रमाणे, पिकण्याच्या अवस्थेप्रमाणे कमी-जास्त असतं. कच्च्या मण्यात जास्त, पिकताना मणी फुगतो तसं त्याचं प्रमाण उतरतं. म्हणून ‘आमच्याकडच्यानं मागे खाल्ली होती, काही झालं नाही’ हा अनुभव कामाचा नाही. त्या दिवशीची द्राक्षं वेगळी होती. बेदाण्यात पाणी उडालेलं असतं, म्हणजे लहान दाण्यात मोठा डोस. सुरक्षित प्रमाण असं काही नाहीच.

वाइनरीत हे आम्ल नुसतं वेलीवर नसतं. वाइन गार केली की टाकीच्या भिंतीवर काचेसारखे खडे जमतात, ते या आम्लाचंच मीठ. क्रीम ऑफ टार्टर मुळात तिथूनच येतं. आणि सगळ्यात धोक्याचा असतो चोथा. द्राक्षं दाबून रस काढल्यावर सालं, बिया, देठ यांचा ढीग मागच्या अंगणात पडतो. त्याला गोडसर आंबूस वास येतो. लॅब्रेडॉर जातीचा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. त्या ढिगात आम्लही आहे आणि आंबून तयार झालेलं अल्कोहोलही. कुत्र्याचं यकृत अल्कोहोल पेलू शकत नाही; थोडंसंही त्याला माणसापेक्षा कितीतरी जड जातं. तेव्हा पोचल्या पोचल्या विचारायचा पहिला प्रश्न : चोथा कुठे टाकता? आणि त्या बाजूला फिरकायचं नाही.

खाल्लंच तर? उलटी होईपर्यंत थांबू नका. उलटी बहुतेक वेळा पहिल्या दिवसात होते, पण मूत्रपिंडावरचा परिणाम एक ते तीन दिवसांत दिसतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. पहिल्या दोन तासांत पशुवैद्याकडे पोचलात तर ते इंजेक्शननं उलटी करवतात, मग दोन-तीन दिवस सलाइन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासत राहणं. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायचा जुना उपाय अजिबात करू नका. मिठाचीच विषबाधा होते. नाशिक शहरात रात्री कोणता दवाखाना उघडा असतो हे मुक्कामाच्या ठिकाणी आधीच विचारून फोन नंबर लिहून ठेवा. रात्री अकराला धरणाच्या बाजूच्या रस्त्यावर नेटवर्क शोधत बसायची ती वेळ नव्हे.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट वाइनवाल्या मंडळींना आवडणार नाही. चाखायला मिळणारे पाच-सहा पेले छोटे दिसतात, पण सगळे मिळून गाडी चालवण्याच्या मर्यादेपलीकडे सहज नेतात. आपल्याकडे ती मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. मुक्काम करतो तो याचसाठी, की कोणाला गाडी चालवावी लागू नये. पण कुत्रा बरोबर असेल तर रात्री गाडी काढावी लागू शकते. म्हणून मोठ्या माणसांपैकी एकानं त्या दिवशी द्राक्षाचा रसच प्यायचा. आळीपाळीनं ठरवा, भांडू नका.

वाइनरीच्या आतल्या फेरीबद्दल. कारखान्याची फेरी असते ना, टाक्या, पिंपं वगैरे, तिथे कुत्र्याला नेता येत नाही, आणि हट्टही धरू नये. अन्नसुरक्षेच्या नियमांत अन्न तयार होतं त्या जागेत पाळीव प्राण्यांना मनाईच आहे. पण नियमापेक्षा मोठं कारण हवेत आहे. द्राक्षरस आंबतो तेव्हा साखरेचं अल्कोहोल होतं आणि सोबत कार्बन डायऑक्साइड सुटतो. एक लिटर रसातून साधारण पन्नास लिटर वायू. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. तो जमिनीलगत साचतो, खोलगट जागी, तळघरात. माणसाचं नाक पाच फुटांवर असतं, लॅब्रेडॉरचं दोन फुटांवर आणि डॅशहुंडचं जेमतेम अर्ध्या फुटावर. माणसाला नुसतं गुदमरल्यासारखं वाटावं तेवढ्यात कुत्रा कोसळू शकतो. नाशिकमध्ये वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, म्हणजे टाक्या जोरात आंबत असतात तेव्हाच पाहुण्यांचा हंगाम. तेव्हा तिघांपैकी दोघं आत, एक बाहेर सावलीत कुत्र्याबरोबर. मग अदलाबदल.

बागेतल्या ओळींमधून फिरताना पट्टा आखूड धरा. कोणत्या फवारण्या कधी झाल्या ते विचारा. भुरी आणि केवड्यासाठी द्राक्षाला फवारे फार लागतात, मोरचुदाचं बोर्डो मिश्रण त्यातलंच एक. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात, ते तर माणसांनाही घातक. खत म्हणून एरंडीची पेंड टाकलेली असेल तर ती कुत्र्याला चविष्ट लागते आणि जीवघेणी ठरते. बागाईतदाराला हे प्रश्न विचारताना संकोचू नका, उलट त्याला बरं वाटतं की शहरातल्या माणसाला पेंड आणि फवारणी कळते.

मग जायचं कधी? मला डिसेंबर बरा वाटतो. थंडी असते, गर्दी कमी, टाक्या शांत. मात्र वेलीवर कच्चे घड असतात, आणि कच्च्यात आम्ल जास्त, हे विसरू नका. फेब्रुवारीत सुलाफेस्टसारखा मोठा संगीतसोहळा ठरला असेल तर त्या दिवसांत कुत्रा घरीच बरा. भल्या मोठ्या स्पीकरपुढे त्याला उभं करणं हा छळ आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे महाराष्ट्रात ड्राय डे, म्हणजे जोडून आलेली सुट्टी बघून जाल आणि टेस्टिंगच बंद. आणि मुलीला वाइन चाखायची असेल तर तिचं वय २१ पूर्ण हवं.

आता रात्र. या भागात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

नाशिक, दिंडोरी, निफाड, सिन्नर, इगतपुरी हा सगळा बिबट्याचा मुलूख आहे. जंगलातल्या बिबट्याचा नाही. ऊस, मका, द्राक्षबागा आणि ओढ्याकाठच्या झुडपांत राहणाऱ्या बिबट्याचा. शेजारच्या अकोले तालुक्यात, नाशिक जिल्ह्याला लागूनच, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला. वजनाच्या हिशोबानं त्याच्या खाण्यातला ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या नाहीत, वासरं नाहीत, कुत्रे. गावात शेळी रात्री गोठ्यात बंद असते आणि कुत्रा अंगणात मोकळा. बिबट्या सोपं सावज घेतो, इतकाच त्याचा अर्थ.

रायपूरच्या गल्लीत वाढलेल्या कुत्र्याला याची कल्पनाच नसते. तो कॉटेजच्या व्हरांड्यात झोपायला तयार असतो, मालकालाही ते छान वाटतं, चांदणं, समोर बाग. अजिबात नको. बांधलेला कुत्रा तर आणखी वाईट, त्याला पळताही येत नाही. रात्री कुत्रा खोलीत, दार बंद. तंबूत मुक्काम असेल तर कुत्र्यासकट जाऊच नये, असं माझं मत. शी-शूला न्यायचं तर दिव्याच्या उजेडात, आखूड पट्ट्यानं, शक्यतो दोघांनी, आणि अंधार पडायच्या आत शेवटची लांब फेरी उरकून. पहाटेची धुक्यातली फेरी फोटोसाठी सुंदर असते. ऊन पडेपर्यंत थांबा. उरलेलं जेवण बाहेर ठेवू नका, त्यावर भटके कुत्रे येतात आणि कुत्र्यांच्या मागोमाग तो येतो.

याच कारणासाठी बुकिंग करताना खोली कुठे आहे ते विचारा. तळमजला हवा, दार थेट बागेत उघडणारं नको, आवाराला कुंपण आहे का, रात्री राखणदार असतो का. कुत्र्याला खोलीत एकटं सोडून जेवायला जाता येतं का हेही विचारा; बऱ्याच ठिकाणी येत नाही, मग जेवण खोलीत मागवावं लागतं. आवारातले स्वतःचे कुत्रे किती आहेत आणि त्यांना लस दिली आहे का, हाही प्रश्न. त्यांच्या हद्दीत पाहुणा कुत्रा आला की पहिला तास बिकट असतो. ही उत्तरं व्हॉट्सअॅपवर लेखी मागा. फोनवरचं ‘हो हो, चालतं’ दारातल्या सुरक्षारक्षकाला माहीत असतंच असं नाही.

नाशिकला जाऊन घरातलं कोणी पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर सोडणार नाही, हेही धरून चाला. देवळात कुत्रा जाणार नाही. म्हणजे पुन्हा वाटणी : एक जण बाहेर. ज्यानं आदल्या दिवशी नुसता रस प्यायला, त्याला दर्शनाला आधी पाठवा.

परतताना बाटल्या घ्यायचा मोह होतो. रायपूरला जाताना रस्ता असो की रेल्वे, वाट वर्धा जिल्ह्यातून जाते, आणि तिथे दारूबंदी आहे. पुढे छत्तीसगडात २०१७ पासून दारूची दुकानं सरकारी कंपनीकडे आहेत आणि परराज्यातून बाटली आणण्याला तिथला अबकारी कायदा लागतो. माझं सांगणं, तिथेच प्या आणि हात हलवत या. आणायचंच असेल तर द्राक्षाचा गुळमट जॅम आणा, पण तोही कुत्र्याच्या तोंडाला लागेल असा ठेवू नका.

घरी पोचल्यावर तीन दिवस दोन गोष्टी बघा : लघवी नेहमीइतकी होते का, आणि खाण्यावर मन आहे का. लघवी कमी झाली, उलट्या लागल्या, सुस्ती आली तर लगेच रक्ततपासणी. त्याशिवाय पहिल्याच दिवशी कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली गोचीड शोधा. गोचीडतापाची लक्षणं एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, तोवर सहल विसरलेली असते. तेव्हा रायपूरच्या पशुवैद्याला ‘महिन्याभरापूर्वी नाशिकच्या द्राक्षबागेत राहून आलो’ एवढं आठवणीनं सांगा. कोणती तपासणी करायची ते त्यांना लगेच कळेल.